सदतीस दिवस चहा नाही

नाही, तो एनर्जी ड्रिंकचा कॅन असा फिरवून दाखवू नका मला, भाऊ, वाचता येतं मला — आणि दोन कप चहाएवढं कॅफिन आहे त्यात, हे तुम्ही पुन्हा सांगितलंत म्हणून माझा नेम मोडत नाही. औषधाच्या दुकानात बसता तुम्ही, देवाच्या दारात नाही. मी देवाला काय म्हटलं होतं? हे कामावर परांचीवरून पडले त्या दिवशी म्हटलं होतं, ह्यांनी पाऊल टाकेपर्यंत चहाला तोंड लावणार नाही. चहा म्हटलं होतं. कॅफिन हा शब्द तोंडातून निघाला होता का? नाही. झालं तर मग. सदतीस दिवस झाले, येणाऱ्याजाणाऱ्याला करून देते, वास घेते, घोटभर घेतला नाही. आणि साखर, हो, तेही ठाऊक आहे — पटकन चढते, पटकन उतरते, कॅनवरची बाकीची मोठमोठी नावं बहुतेक शोभेला. तुम्हीच म्हणालात ना, थकवा जात नाही, काकू, शरीर थकलंय ही हाक तेवढी ऐकू येत नाही — अहो, मला तेवढंच हवं होतं. दर दोन तासांनी ह्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन माणसांचं काम, आणि घरात माणूस मी एक. श्रद्धा आहे हो, पण गुडघे माझेच आहेत.

काय बघताय? हो, बारीक अक्षरात लिहिलंय, चहाच्या पानांचा अर्क. तिसऱ्या दिवशीच वाचलं होतं — म्हणजे, दिसलं होतं. मग त्या जागी अंगठा ठेवून प्यायचे, झालं समाधान? आधी एक, मग दोन, आणि परवापासून ती बोटभर बाटली, शॉट का काय ते, तीही. नेम मोडला असेल तर तेव्हाच मोडलाय. मग काल हे चालले कसे? सांगा ना. चार पावलं, पलंगापासून खिडकीपर्यंत. हात थरथरतात माझे, ते वेगळं. छातीत धडधडतं, तेही वेगळं — पडदा सारायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार, धरायला काही नाही. तेव्हा उठले ते. कुणी उठवलं नाही, काठी नाही, आले आणि माझ्या दंडाला धरलं, आणि दोघंही खाली फरशीवर, आता उठायचं कसं ते दोघांनाही कळेना. हसत होते हे. पडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, आज पाळी माझी, तू झोप.

देवाला माझा अंगठा दिसला नसेल असं वाटतं तुम्हाला? दिसला असणारच. तरी दिलं त्यानं. तुम्ही कोण मग मान हलवणारे?

ह्यांच्या गोळ्या द्या, तेवढंच. कॅन परत ठेवा, हात सवयीनं गेला. काय म्हणालात — आता चहा घ्यायला हरकत नाही? ते मी आणि देव बघून घेऊ. आधी झोपणार आहे मी, भरदिवसा, दार लावून. सरका, मागे माणसं उभी आहेत.