कर्णा कुणाच्या माळवदावर

आता तुमी हसायलेत, पण तवा लय बाका परसंग होता. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, पेडगावात वातावरण लय तंग. बापूरावांच्या सभेला लाउडस्पीकर अन् कर्णा माझा. बोलता बोलता बापूराव विरोधातल्या किशनरावांच्या आईवर घसरले. मी बटणच बंद केलं, अन् आता मार बसतोय म्हणून उभा राहिलो.

"कोणी फितवलं रे तुला?" बापूराव खेकसले.

म्हणलं, "मालक, कर्णा किशनरावांच्याच माळवदावर बांधलाय. तेवढं उंच घर दुसरं न्हाई. त्यांच्या म्हाताऱ्या मायनंच शिडी धरली."

बापूरावांनी घाम पुसला. "चालू कर." अन् माईकवर पहिलं वाक्य, "माय, चुकलो."

दुसऱ्या दिवशी किशनराव माझ्या दारात. "उद्या आमची सभा हाय. कर्णा बापूरावांच्या माळवदावर बांध. माझंबी तोंड लय सुटतंय."