बारीक पिनेबाबत

दि. १५/०५/२००६

मी प्रज्ञेश राजाराम मोहिते, वय २२ वर्षे, शिक्षण सहावी, धंदा क्रेनवर हेल्पर, मूळ रा. पूर्णगड, जि. रत्नागिरी, सध्या रा. भरूच, गुजरात. ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगतो की,

बुद्धपौर्णिमेला मी गावी आलो. मस्कतच्या कामासाठी एजंटाचा फोन सोमवारी यायचा आहे. "उचललास तर तू, नाय तर दुसरा," असे तो बोलला आहे.

चार्जर भरूचला राहिला. आमच्या वाडीत सर्वांचे फोन जुने, त्यांच्या चार्जरची पिन जाड. माझा नवा, त्याला बारीक लागते. कंपनी एकच, तरी बसत नाही. रामाच्या दुकानात चिमट्याचा चार्जर आहे, त्याला आम्ही कुर्ली, म्हणजे खेकडा, म्हणतो. पण कुर्लीत बॅटरी काढून लावतात. बॅटरी भरेपर्यंत फोन बंदच.

तक्रारदार दादू गंगाराम तांबे हे आमचे शेजारी. त्यांची मुलगी आम्रपाली हिच्याकडे माझ्यासारखाच फोन आहे. हे मला कसे माहीत, त्याबाबत अधिक सांगायचे नाही.

काल रविवारी संध्याकाळी लाईट आल्याबरोबर मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याजवळ गेलो. दादूकाका अंगणात वाळत घातलेले कोकम सुपात गोळा करत होते. आमच्यात बोलणे झाले ते असे :

"काका, बारीक हाय काय घरात?"

"हाय. तुला काय करायचाय?"

"तासभर द्या. आमच्याकडं सगळ्या जाड्या."

"काय बोल्लास?"

"लगेच आणून देतो. भरूचला कोण नाय म्हणत नाय, ज्याला पायजे तो घेऊन जातो."

आम्रपाली अंगाने बारीक आहे व घरात तिला बारकी म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त पिन होती. काकांनी कोकमासकट सूप मला मारले. माझ्या शर्टावर दिसतो तो रंग कोकमाचा आहे, रक्त नाही. आम्रपाली दारात उभी होती. ती हसत होती, असे मला वाटले. काकांनी ते पाहिले नाही.

मी वाईट हेतूने बोललो नाही. माझा फोन ठाण्यात जमा आहे व तो बंद पडला आहे. हवालदार साहेबांनी सकाळी तो चालू करून देण्याचा प्रयत्न केला, परंतु ठाण्यातसुद्धा सगळ्या जाड्याच निघाल्या. काका बाहेर बाकावर बसले आहेत. हवालदार साहेबांनी त्यांना पिन म्हणजे काय ते समजावले. तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नाहीत. आम्रपालीला जबाबासाठी बोलावणे गेले आहे. येताना तिने चार्जर आणावा, एवढेच माझे म्हणणे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो आहे. फक्त माझ्या बोलण्यात 'बारीक' आहे तिथे पुढे पिन जोडून घ्यावी. लवकर जोडावी, आज सोमवार आहे.