आंगठा मारल्यावर

(दारव्हा. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या सर्व्हिस सेंटरमधली मॅनेजर संगीता राठोडची केबिन, सकाळची वेळ. समोर मेकॅनिक साजिद आणि त्याचे वडील रहमत मिस्त्री.)

रहमत : नाई मॅडम, मले पुन्हा एकडाव सांगा. म्हातारा मानूस आहो, कानात काई गडबड झाली असंन. माह्या पोराले तुमी काढलं, काहून का त्यानं काम केलं?

संगीता : काम केलं म्हणून नाही, चाचा. ड्युटी संपल्यावर केलं म्हणून. सहाला मशीनवर आंगठा मारून हजेरी बंद केली, आणि मागच्या दाराने परत आत येऊन ट्रॅक्टरखाली शिरला. इथे ते चालत नाही.

रहमत : काम नाई केलं म्हनून काढलं असतं, तं मी सोता त्याले चपलीनं हानत इथवर आनलं असतं. पन हे काय आहे बाप्पा? चोर सोडून संन्याशाले फाशी!

साजिद : अब्बा, हळू बोला ना. बाहेर सारे ऐकून राह्यले.

रहमत : ऐकू दे! काम करनाऱ्याले लाज कायची?

संगीता : त्याला आधीही समज दिली होती. विचारा त्यालाच.

रहमत : कायची समज?

साजिद : मॅडम म्हनल्या होत्या, सहानंतर गाडीले हात लावू नको.

रहमत : अन् तू लावला.

साजिद : बोरी अरबच्या धनसिंगभाऊची गाडी होती. क्लच प्लेट बदलाची होती. ट्रॅक्टर मधातून दोन भाग करून ठेवला, अन् सहा वाजले. तिकडं त्यायचं सोयाबीन वावरात कापून पडलं, वरतून आभाळ आलेलं. मळणीयंत्र त्या ट्रॅक्टरवरच चालते. तसंच टाकून येऊ?

रहमत : ऐकलं मॅडम? हे मी शिकवलं त्याले. माह्या ग्यारेजात एकच कायदा होता. खोललेली गाडी रातभर उघडी टाकाची नाई. कास्तकाराची गाडी म्हंजे अमानत. ते जोडल्याबिगर मी कधी घरी जेवाले गेलो नाई. याच्या अम्मीले, सुग्राबीले विचारा, माह्या वाट्याच्या किती भाकरी वाळल्या.

संगीता : तुमचं गॅरेज तुमचं होतं. मिस्त्री तुम्हीच, मालकही तुम्हीच. इथे तसं नाही. उरलेलं काम उद्या करायचं.

रहमत : उद्या! मंग सोयाबीनलेही सांगून या, का तुहा नंबर उद्या आहे, तवरिक भिजू नको. कास्तकाराची पोरगी ना तुमी? तांड्यावर वाढल्या ना? अन् हे कंपनीवाल्यायचे कायदे आमाले सांगता!

संगीता : कंपनीचा नाई तो कायदा! मी लावला. मी! तुमाले काय वाटते चाचा, मी इथं खुर्चीत बसून मजा पाहून राह्यली? माह्या भावाले ओळखता ना तुमी? बादलले?

रहमत : जिनिंगात होता तो? हात गेलता ज्याचा?

संगीता : हाव, तोच. पाळी संपली, आंगठा मारला, फाटकापर्यंत आला. रोलरमधे कापूस अटकला म्हणून दुसऱ्या पाळीच्या पोरायनं हाक मारली. हा वापस गेला. भला मानूस ना! हात कोपरापासून गेला. अन् जिनिंगवाल्यायनं काय म्हणावं? आमच्या हजेरीच्या मशीनमधे तो घरी गेला आहे, तो इथं नव्हताच. माहा बाप त्या फाटकाशी बसून रडला, चाचा. कोनी आत घेतलं नाई.

रहमत : या अल्ला. आमी तं ऐकलं होतं, तो दारू पिऊन होता.

संगीता : तेही त्यायनंच पसरवलं.

रहमत : आता काय करते तो?

संगीता : काय करन? घरीच राह्यते. आमची याडी, माय माही, घास भरवाले गेली का ताट ढकलून देते. मंग दोघंही उपाशी.

साजिद : मॅडम, हे तुमी मले सांगतलंच नाई.

संगीता : सांगतलं असतं तं ऐकलं असतं का तू? समज दिली तवा नंदीबैलासारखी मुंडी हालवली, अन् संध्याकाळी मांगच्या दारानं आत!

साजिद : मी आंगठा तुमच्यासाठीच मारत होतो.

संगीता : माह्यासाठी?

साजिद : सहानंतरची हजेरी लागली, का जादा पैसे द्या लागते म्हनून मालक, आपले शेठजी, तुमाले बोलते. एकडाव साऱ्यायपुढं बोलले. तुमी तोंड धुऊन आल्या, पन डोळे लालच होते. तवापासून मी आंगठा मारूनच मंग काम करत होतो. म्हटलं, गाडीही जाईन अन् मॅडमलेही कोनी बोलनार नाई.

संगीता : अरे देवा! कोनं सांगतला होता तुले हा शहाणपणा? शेठजीसंग मी कायले भांडत होती रे? जादा वेळाची हजेरी लावा, तवा कुठं मानसाले विमा लागते, म्हणून! अन् शेठजी काय म्हणते? 'साजिद तं काईच मांगत नाई, तो करतेच ना.' दर खेपी तुह्यंच नाव पुढं करते! आता वर्कशॉपातल्या सोनूलेही म्हणते आंगठा मारून थांब, सेवादासलेही म्हणते. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते. ते आंधळं तू आहे, साजिद!

रहमत : मंग त्या शेठले काढा ना!

संगीता : शेठले कोन काढते, चाचा?

रहमत : पन एवढं गुपचूप करत होता हा, तं याले पकडलं कोनं?

संगीता : मी.

साजिद : तुमी?

संगीता : हाव. कॅमेऱ्यात पाह्यलं मी. वर्कशॉपात कोनी नाई, अर्ध्या बत्त्या बंद, गाडी जॅकवर, अन् तिच्याखालून नुसते तुह्ये पाय दिसून राह्यले. मी तशीच शेठजीकडं गेली. शेठजी म्हणत होते, राहू द्या हो, फुकटचं काम आहे. मी म्हटलं, तो राह्यला तं मी जाते.

रहमत : म्हंजे शेठ ठेवत होता, अन् तुमी काढलं.

संगीता : हाव.

रहमत : तौबा! तुमाले शिवी देऊ का दुवा देऊ, मलेच समजून नाई राह्यलं.

संगीता : शिवीच द्या. दुवेनं काई त्याची नोकरी वापस येत नाई.

साजिद : मॅडम, एकडाव ठेवा ना. दुसरीकडं कुठं जाऊ? अब्बाचं ग्यारेज तं कवाचंच बंद झालं.

संगीता : ठेवते. आत्ता ठेवते. पन माह्याकडं पाहून सांग. ट्रॅक्टर खोलून पडला आहे, कास्तकार फाटकाशी हात जोडून उभा आहे, अन् सहा वाजले. तू आंगठा मारून सरळ घरी जाशीन?

रहमत : जाईन! जाईन म्हन!

संगीता : त्याले बोलू द्या, चाचा.

साजिद : नाई जमनार, मॅडम.

रहमत : अबे खोटं बोल ना, गाढवा! नुसतं हाव म्हनाले काय जाते तुह्यं?

साजिद : अब्बा, तुमीच तं शिकवलं.

रहमत : मालूम आहे मले! मीच शिकवलं! दहा मानसायत सांगत फिरलो, माहा पोरगा काम टाकून उठत नाई म्हनून. आता कोनाच्या नावानं बोंबलू?

संगीता : घरी जा, साजिद. यवतमाळले माह्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे. फोन करते मी. पन तिथंही मी हेच सांगीन, का सहा वाजता ह्याले बाहेर काढत जा.

साजिद : मॅडम, बाहेर धनसिंगभाऊच आले वाटते. तोच ट्रॅक्टर आहे. ऐका ना, गेर टाकतानी खरखर करून राह्यला. नवी प्लेट बसली का पायडल पुन्हा एकडाव सेट करा लागते.

संगीता : सोनू करीन.

साजिद : सोनूनं ते कधी केलं नाई. खाली शिरा लागते. लहानसं तं काम आहे, जाता जाता करून देतो. अब्बा, तुमी बसा, मी आलोच.

रहमत : थांब. गाडीखाली नाई जाचं, बेटा. तुह्या हाताले काई झालं, तं तुह्या अम्मीले मी काय सांगू?