विहिरीचा चढता आलेख

न्हाई, मला एक सांगा, दोरी निळ्या रंगानं रंगवली हा काय गुन्हा हाय का? हसू नका, तुमाला सांगतो, त्या निळ्या रंगापायी आमच्या गावचा टँकर आठ दिवस बंद होता, आन् गाव अजून माझ्याकडं असं बघतंय की जसं मीच विहीर पिऊन बसलोय.

आता मी कोण, तर त्रिंबक, आमच्या पाणीवापर सहकारी संस्थेचा सचिव. तळ्यात पाणी न्हाई, पण संस्था हाय, संस्थेला चेअरमन हाय, चेअरमनला खुर्ची हाय आन् खुर्चीला टॉवेल हाय. तर औंदा तालुक्याच्या कचेरीतून फर्मान आलं, ज्या गावाला टँकर पाहिजे त्या गावानं पाण्याचा आलेख द्यायचा, नुसते आकडे चालणार न्हाईत. साहेबाला चाळीस गावं बघायची, आकडे वाचायला टाईम कुठाय? म्हणून मांजरसुंब्याला, एका ढाब्याच्या वरच्या हॉलात, आमचं दोन दिवस प्रशिक्षण. पुण्याहून एक पोरगेलेसे सर आलते. लई गोड माणूस, पण सारखं एकच... "आकडा मुका असतो, चित्र बोलतं!" पाणी दाखवायचं तर निळा रंग वापरा, नक्षी काढू नका, बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. मी सगळं वहीत उतरून घेतलं. भजे बी बरे होते.

आता आमची विहीर मोजती पारूमावशी. विहिरीला लागूनच घर तिचं. दोरीला दगड बांधून आत सोडती, दगड पाण्याला टेकला की दोरीला गाठ मारती, आन् दोरी किती फूट गेली ते मी लिहितो. नोव्हेंबरात पाणी बावीस फुटांवर लागलं, जानेवारीत चाळीस, मार्चात त्रेसष्ट. मी पट्टी घेतली आन् काढले निळे खांब. बावीसचा बुटका, चाळीसचा मधला, त्रेसष्टचा ऐन कागदाच्या टोकाला. खाली झोकात लिहिलं, 'विहिरीचे पाणी, फुटात'. आमचे चेअरमन आबासाहेब, त्यांनी चष्मा बी लावला न्हाई. म्हणले, वा रं त्रिंबक, चढता हाय, संस्थेचं कायम चढतंच पाहिजे. ठोकली सही!

आकडा मुका असतो, चित्र बोलतं... आन् बोललं की वो! कचेरीत साहेबानं एका नजरेत बघितलं, सरांनी शिकवलतं अगदी तस्संच, आन् म्हणला, "भर उन्हाळ्यात तुमचं पाणी वाढतंय? बंद करा यांचा टँकर." म्हणलं साहेब, हे पाणी न्हाई, ही दोरी हाय, दोरी जेवढी लांब तेवढं पाणी खोल गेलं. तर म्हणतो कसा, "मग दोरी निळी कशाला रंगवली?"

गावात आलो तर घागरींची रांग सकाळपासून तशीच, आन् टँकरचा पत्ता न्हाई. बाया मला काय काय बोलल्या ते सांगत न्हाई, चांगल्या घरची माणसं तुमी. पारूमावशीनं मात्र कागद हातात घेतला. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण कागद न्याहाळला आन् म्हणली, "त्रिंबका, विहीर खाली खांदत्यात का आभाळात वर?" असं म्हणून तिनं कागद उलटा धरला. सगळे खांब वरून खाली लोंबायला लागले, आन् गलका करणाऱ्या बाया कागदावर वाकल्या. पाणी कुठं गेलंय ते दिसलं वो. महिनोन् महिने आकडे मीच लिहिलेले, पण खोटं कशाला सांगू, मला बी तवाच दिसलं.

रातोरात न्हाई, तिथंच पारावर बसून नवा कागद केला. वर जमिनीची रेघ, तिथून खाली मातकट रंगाच्या दोऱ्या, तळाला इवलंसं निळं. गेलो सहीला. ह्या खेपेला आबासाहेबांनी चष्मा लावला. म्हणले, हे उतरतं हाय. म्हणलं, पाणीच उतरलंय. तर म्हणले, "पाणी उतरू दे की बे, संस्था कावून उतरवतो? पुढच्या महिन्यात निवडणूक हाय!" सही न्हाई. तसाच पळत कचेरीत. साहेबाला सगळं पटलं, मान हलवली, आन् म्हणला, बरोबर आहे, फक्त चेअरमनची सही आणा. म्हणजे बघा, चढतं काढावं तर साहेब टँकर देईना, उतरतं काढावं तर आबासाहेब सही देईनात. आन् तिकडं मावशीची घागर रोज रांगेत पालथी. चित्र बोलतं म्हणं! त्याच्यापेक्षा आकडा मुका होता तेच बरं होतं.

सातव्या दिवशी डोकंच फिरलं. घेतला कागद आन् केला आडवा! जमिनीची रेघ डावीकडं उभी, दोऱ्या तिथून निघून उजवीकडं पसरलेल्या. ना चढतं, ना उतरतं. आबासाहेबांनी डावीकडून उजवीकडं नजर फिरवली, म्हणले, संस्था पुढं चाललीय, आन् सही दिली. साहेबानं मी खाली लिहिलेलं 'जमिनीपासून पाण्यापर्यंत दोरी' एवढं वाचलं आन् शिक्का मारला. काल टँकर आला बाबा एकदाचा.

पारूमावशी भरलेली घागर कमरेवर घेऊन घरी निघालती. संस्थेच्या भिंतीवर चित्र लावलंय, ते बघत उभी राहिली. लई वेळ बघितलं. मग म्हणली, "विहीर आडवी कावून निजवलीस रं?"

म्हणलं मावशी, थकली ती.