देवडीतला पहारा

ऐका रं पोरांनो. जरा सरकून बसा, शेकोटीत ते लाकूड सारा आन् मोबाईल खिशात घाला. ए सुजित, तुलाच सांगतीय. मघाशी काय म्हनालास? उद्यापास्नं पहाटंचं पळायला गडाच्या देवडीच्या वाटंनं जायचं म्हनं! चढ हाय, दम वाढतोय म्हनं! वाढंल की. आन् एक दिस बंद बी पडंल.

हसू नका. तुमी भरतीला निघालाय म्हनून सांगतीय. मेंढक्याला, गुराख्याला मी हे कवा सांगायला गेले न्हाई. त्यांना त्या वाटंचं भ्या न्हाई. तुमास्नी हाय.

देवडी ठावं हाय का कुनाला? न्हाई ना? गडाच्या दरवाज्यात पहारेकऱ्याला बसा-उठायला कोनाडा असतोय, खोलीवानी, ती देवडी. आपल्या निसनगडाचा खालचा दरवाजा मोडलाय, पन कमान उभी हाय. त्या कमानीत उजव्या हाताला ती. तिथं हे घडलं. आन् घडलं कुनाला? आमच्या मालकास्नी. नाव घेत न्हाई मी. जित्तं असताना घेतलं न्हाई, आता काय घेनार? पलटनीत नाईक व्हतं ते.

मालकास्नी एकच येड व्हतं. मुलूख बघायचं. सरकार धाडंल तिकडं जायचं, काम उरकायचं, आन् मग हुंदडायला मोकळं. आग्र्याला सामान पोचवायला गेलं, ताजमहाल बघून आलं. अमृतसरला गेलं, सोन्याच्या देवळात पंगतीला बसून जेवून आलं. लेहला थंडीनं बोटं काळी पडली, तरी निळं तळं बघायला गेलंच! घरी आलं की उंबऱ्यावर बसून सांगत ऱ्हायचं आन् मी भाकरी थापत ऐकायची. एवढं गोड सांगायचं की तव्यावर भाकरी करपायची.

बराकीत त्यांचा एक दोस्त व्हता, बिष्ट नावाचा, गढवालकडचा. त्यानं एकदा इचारलं, "तेरे गाँव में भी तो किला है ना? कैसा है?" झालं! मालकास्नी कबूल करावं लागलं. गड दारात, आन् जल्मात कवा वर गेलं न्हवतं. दरवाज्याच्या वर पाय टाकला न्हवता. बिष्ट हसला. हसला आन् ते काळजाला लागलं यांच्या.

पुढं काय झालं, बेळगावातनं पुन्याला ड्युटीवर निघालं. वाटंत एक रात घरी काढायची मुभा मिळाली. सांगावा आला मला. मी पोटुशी, पयलं बाळ. सकाळपास्नं दाराकडं डोळं लावून बसलेली. आता मानसानं काय करावं? यष्टीनं सरळ गावात उतरावं का न्हाई? न्हाई! हे पलीकडच्या फाट्यावर उतरलं. अंगावर वर्दी, खांद्याला पिशवी, गळ्यात बिष्टचा कॅमेरा. तिकडनं गड चढायचा, फोटू काढायचं आन् हिकडनं घरी उतरायचं. मला म्हनालं न्हवतं, नायतर मीच दोन शब्द ऐकवलं असतं.

गड बघितला. टाकं बघितलं, बुरूज बघितला, देवीपुढं नारळ फोडला. फोटू काढता काढता दिवस बुडाला. वर एक धनगर मेंढरं बसवून व्हता, बिरू म्हनून. त्यानं भाकरी दिली, तंबाखू दिली, आन् म्हनाला, "दादा, डोंगराच्या सोंडंवरनं उतरा. लांब पडंल, पन सोंडंवरनंच जावा. देवडीकडनं नगं."

"का रं? तुमी जात न्हाई व्हय तिकडनं?"

"आमी रोज जातो. आमास्नी काय करत न्हाई ते. तुमची कापडं वाईट हायती."

मालक हसाय लागलं. "तुझं भूत वर्दीला भितंय व्हय?"

"भीत न्हाई," बिरू म्हनाला, "वाट बघतंय."

बिरूनं सांगितलं त्यास्नी. त्याच्या बापानं डोळ्यानं बघितलेलं. कवातरी एक पोलीस चोराच्या मागावर गेलता त्या वाटंनं. सकाळी मेंढरं खाली उतरली तर पोलीस कमानीत उभा. मेलेला, पन उभा! डोळं उघडं. आडवा केला तरी गुडघं वाकंनात. तिरडीवर बी ताठ.

मालक म्हनालं, थंडीनं गारठला असंल. आन् निघालं देवडीच्या वाटंनं. घरी यायची घाई. माझ्याकडंच यायची घाई, दुसरं काय! हे आठवलं की मला राग बी येतो आन् रडू बी.

आता ऐका हं. कुनी मधी बोलू नका.

अंधार पडलेला. हातात बॅटरी. बुटाचा आवाज, टक टक, टक टक. थोडं खाली आलं आन् ध्यानात आलं, आवाज एकाचा न्हाई. मागनं कोनतरी पायाला पाय मिळवून चालतंय. हे थांबलं, ते थांबलं. शिपाईगडी बगा, यांनी चालता चालता पाय बदलला, कवायतीत बदलत्यात तसा. मागच्यानं बी बदलला! बरोब्बर! गुराख्याला हे जमतंय व्हय? बॅटरी मागं मारली. कुनी न्हाई. आन् बॅटरी गेली. भप्पकन. नव्या सेलाची बॅटरी.

म्होरं कमान. कमानीत गेलं आन् उजवीकडनं आवाज आला, "थांब! कोन हाय?"

आन् हे थांबलं.

कळतंय का घात कुठं झाला? तुमच्या बापाला कुनी अंधारात थांब म्हनलं, तर तो बोंब ठोकून पळंल. धनगर दगूड मारंल. पन शिपायाला थांब म्हनलं की शिपाई थांबतोय. टाचेला टाच लागती त्याची. त्याला तसा घडवलेला असतोय. ते भूत त्याच्यावरच टपलेलं.

देवडीतनं एक गडी भाईर आला. डोक्याला मुंडासं, पायात काय न्हाई, हातात भाला. तोंड कसं, तर वाळलेलं. डोळं मिटतच न्हवतं त्याचं.

"कुठला रं?"

"खालच्याच गावचा. पलटनीत हाय."

"लई बरं झालं. आपल्यातला हायेस. माझी बदली आली न्हाई बग. घसा सुकलाय. टाक्यावर जाऊन पानी पिऊन येतो. तवर हे धर, उभा ऱ्हा."

मी इचारलं व्हतं मालकास्नी, तुमास्नी शंका कशी न्हाई आली? तर म्हनालं, आली व्हती. पन बर्फात मी बी उभा ऱ्हायलोय गं. बदलीचा गडी यायला उशीर झाला की कसं व्हतंय, ते मला ठावं हाय. पहाऱ्यावरचा मानूस पानी मागतोय आन् न्हाई म्हनायचं? हात आपसूक म्होरं गेला.

भाला धरला. धरला मात्र! गारठा हातातनं खांद्यात, खांद्यातनं कंबरंत, कंबरंतनं पायात. पाय गेलं! उचलायला बघत्यात, उचलंना. हात सोडायला बघत्यात, सुटंना.

आन् ते हसाय लागलं. कमानीच्या पायरीवर बसलं, मुंडासं सोडलं, पाय पसरलं, आन् खदाखदा हसतंय.

"आता पहारा तुझा! गडावरचं सारं चोरवाटंनं निघून गेलं, मला सांगितलं बी न्हाई कुनी. मी हितंच वाळलो. बदलीचा एक एक गडी धरतो, तर मेलं उजाडायच्या आत मरत्यात आन् मला माघारी यावं लागतंय. तू दणकट दिसतोयस. टिकशील."

मालकांनी हात जोडावं म्हनलं, तर हात कुठं मोकळा? म्हनालं, "बाबा, माझी बायकू पोटुशी हाय. वाट बगतीय. सोड मला."

हेच चुकलं. सांगायचं न्हवतं! त्याला कुठं ठावं व्हतं? उठलं ते. यांच्या भवती एक फेरी मारली. वास घेतला. आन् म्होरं येऊन उभं ऱ्हायलं, तर तोंड मालकांचं! टोपी मालकांची, वर्दी मालकांची, गळ्यात कॅमेरा. आवाज बी त्यांचाच.

"तू कशाला जातोस? मी जातो की. 'अगं, उघड' म्हनलं की उघडंलच ती. पोटातल्याला बी बघतो."

आन् निघालं. वाटंनं खाली. आपल्या गावाकडं, आमच्या घराकडं! टक टक, टक टक.

मालक सांगायचं, मरनाचं भ्या त्या वक्ताला उरलंच न्हाई. नुसता डोक्यात जाळ. ओठ चावून रगत काढलं, पन पाय हलंना. ते चाललंय, चाललंय, आता करवंदीच्या जाळीआड जानार. आन् एकदम डोक्यात आलं. आरं, पहारा माझा न्हवं? ह्यानंच दिलाय न्हवं? मग माझ्या दरवाज्यातनं मला न इचारता हे जातंय कसं?

छाती भरून घेतली आन् कवायतीच्या मैदानावर देत्यात तशी आरोळी दिली, "थांऽऽब! कोन हाय?"

आन् काय सांगू पोरांनो! ते थांबलं!

थांबलं! टाचेला टाच लागली. कितीका शंभर वर्सं झाली असनात, ते बी शिपाईच की. हाडात मुरलेलं जातंय कुठं? तिथंच ताठ. मान वळवायला बघतंय, वळंना.

"मागं फिर!" मालक म्हनालं.

फिरलं. आन् मग तमाशा सुरू. तोंडावरनं मालकांचं तोंड ओघळलं, तर खाली माझं तोंड. माझ्या आवाजात रडाय लागलं. "अवं, कळा यायल्यात मला. भाला टाका आन् पळा की घरी." मालकांचं काळीज फाटलं, पन म्हनालं, "म्होरं ये!" एक पाऊल आलं. मग तान्ह्या पोराचं रडं. टाहो फोडतंय नुसतं. "म्होरं ये!" मग मेलेल्या सासूबाईंचा आवाज, "बाळा, असा आईवर खेकसतोस?" डोळ्यांतनं पानी, पन हुकूम सुटला न्हाई. "म्होरं ये! भाला धर!"

आलं ते. दात खात आलं. शिव्या देत आलं, आई-बापाचा, सात पिढ्यांचा उद्धार करत आलं. पन आलं. आन् भाल्याला हात घातला.

"पहारा तुझा," मालक म्हनालं, आन् हात हिसकला. तळव्याची कातडी भाल्यालाच ऱ्हायली. पायात जीव आला. पळालं!

सुटलं असं वाटलं ना तुमास्नी? त्यास्नी बी वाटलं. पाच-पन्नास पायऱ्या उतरलं असतील, आन् मागनं अख्खा डोंगर हालंल अशी हाक आली, "थांब!"

डावा पाय थांबला. उजवा पळतच व्हता. एक पाय हुकमात आन् एक पाय घराकडं, मग काय व्हनार? तोंडावर आपटलं, आन् पायऱ्यांवरनं जे गडगडत सुटलं! उभा मानूस थांबतोय रं, गडगडनारा कसा थांबनार? वरनं ते ओरडतंय, "थांब! थांब! थांब!" आन् हे धोंड्यावरनं, काट्यातनं, जाळीतनं खालीच. दोन बरगड्या मोडल्या. त्या बरगड्यांनीच जीव वाचवला.

दार वाजलं. मी ऐकलं, "अगं, उघड." मी उघडलं. उंबऱ्यावर मालक रगतानं माखलेलं, गुडघ्यावर रांगत आलेलं.

पोरांनो, मला सांगा. त्या रातीला मालकांच्या आधी ते दुसरं आलं असतं, 'अगं, उघड' म्हनलं असतं, तर मी काय केलं असतं? मी उघडलंच असतं. पळत जाऊन उघडलं असतं. ह्या इचारानं मला अजून झोप येत न्हाई.

मालक बरं झालं. पलटनीत माघारी गेलं, नोकरी पुरी केली. पन मुलूख बघायचं येड सुटलं. ड्युटी झाली की बराकीत. सोबतचं गडी देवळं-राजवाडं बघायला जायचं, हे खाटंवर पडून ऱ्हायचं. पेन्शनीत आल्यावर मला म्हैसूरला नेलं, राजवाडा दाखवायला. दरवाज्यात शिपाई उभा व्हता, त्यानं कुनाला तरी "थांबा" म्हनलं. कुना दुसऱ्याला! हे ताठ झालं. घामानं भिजलं. माझा हात सोडून म्हनालं, तू जा, बघून ये. मी एकटी आत गेले. काय बघितलं ते भाईर येऊन सांगितलं त्यास्नी. पोरावानी ऐकत व्हतं.

आन् रातचं? आमावस्या आली की अंथरुनातनं उठायचं आन् दारात जाऊन उभं ऱ्हायचं. ताठ. डोळं उघडं. हाक मारली तर ओ न्हाई. मग मी उठायची, म्होरं जायची, त्यांचा तो कातडी गेलेला हात धरायची आन् म्हनायची, "मी आलीय. पहारा माझा. तुमी निजा." तवा कुठं अंग सैल पडायचं. मरूस्तवर केलं मी हे. यंदाच्या शिमग्याच्या आधी गेलं, तवा बी शेवटाला डोळं माझ्याकडं लावून इचारलं, "बदली आली का गं?" म्हनलं, आली. मग मिटलं.

म्हनून सांगतीय. पळायला सारा मुलूख पडलाय. कॅनालवर पळा, डांबरीनं पळा. देवडीच्या वाटंनं जायचं न्हाई. आज न्हाई, वर्दी चढल्यावर तर मुळीच न्हाई. पलटनीत तुमास्नी थांबायला शिकवतील, शिका. हुकूम मानायला शिकवतील, माना. पन कवातरी चुकून त्या कमानीत पाय पडलाच आन् अंधारातनं कुनी "थांब" म्हनलं, तर थांबू नका रं बाळांनो. पळा. भित्रा म्हनतील लोक, म्हनू द्यात. तुमच्या आया-बायका दार लावून वाट बगत असत्यात, आन् आमी आवाज ऐकून दार उघडतो.