खाटकाला न कळलेला खिमा

(कारखान्याचं कँटीन. जेवणाची सुट्टी संपली आहे. एकच माणूस अजून ताटावर, समोर स्वयंपाकघर सांभाळणारी त्याची धाकटी बहीण.)

खाटीक : वाढ की अजून! सख्ख्या भावाला वाढताना हात आखडता घेतेस?

बहीण : दादा, तिसऱ्यांदा वाढतेय.

खाटीक : मग? असा खिमा करायला हात लागतो. बाबांनी शिकवलेला हात आहे हा.

बहीण : आज माल पाठवलास तू?

खाटीक : गड्यानं टाकला असेल सकाळी.

बहीण : त्याला मीच नको म्हणाले.

खाटीक : म्हणजे दुसऱ्याकडून घेतलंस?

बहीण : कुणाकडूनच नाही. मसूर आहे तो. बारीक चिरलेली अळंबी आणि खमंग परतलेला कांदा.

खाटीक : चेष्टा पुरे! जन्म गेला माझा सुरा चालवण्यात.

बहीण : म्हणून तर तुलाच आधी बसवलं.

खाटीक : थांब, बघू दे... अरे देवा! आता लागतेय साल जिभेला.

बहीण : रागावलास?

खाटीक : नाही तर काय नाचू? माझ्याच बहिणीनं माझ्या पोटावर पाय द्यायचा!

बहीण : ती मागची विहीर बघ. लहानपणी डोकावलं की आपली तोंडं दिसायची. आता चिखल दिसतो. वरच्या अंगाच्या शेतांत नुसता चारा लावलाय, त्याला पाणी द्यायला दिवसरात्र पंप. चारा जनावरांना, जनावरं तुझ्याकडे, तिथून माझ्या पातेल्यात. तू हसशील, पण त्यांच्या ढेकरांतल्या वायूनं हवासुद्धा तापते. आठवड्यातले दोन दिवस तुझा माल बंद करावा म्हणते. पण बाबांचं दुकान आहे ते. तू नको म्हणालास, तर नाही करणार.

खाटीक : कधीपासून खपत होतीस यावर?

बहीण : पावसाळ्यापासून. बिघडलं की घरी नेऊन मीच खायची.

खाटीक : आणि तोंडातून चकार शब्द नाही! कमाल आहेस बाई. मसूर खाऊन मी स्वतःच्या मालाची फुशारकी मारतोय! बाबांचा हात खरा तुला मिळाला.

बहीण : म्हणजे दोन दिवस...?

खाटीक : कर बंद. दुकानाचं मी बघतो. आता एक डबा भर.

बहीण : वहिनीला?

खाटीक : बाबांना.

बहीण : अरे, ते पहिल्या घासाला ओळखतील!

खाटीक : ओळखू देत. ओळखल्यावरही ते ताट पुढे करतात का, तेच बघायचंय मला.