पाचवं माणूस

परग्रहावरची यानं आली की भोंगा होतो आणि आम्ही तळघरात धावतो. दारावर प्रत्येक घर आपली माणसं किती ते ओरडून सांगतं. तेवढी आत आल्याशिवाय दार लावत नाहीत. आज पाण्याच्या रांगेत शिवणकामवाल्या मावशी एका पोरीवर कडाडल्या.

“काल भोंगा झाल्यावर कुठे उलथली होतीस?”

“जिन्याखाली.”

“तळघरात यायला काय धाड भरली होती?”

“मी इथली उपरी. मला कोण मोजणार?”

“तुझ्यापायी मी दार अडवून उभी! अख्खी इमारत माझ्या नावानं बोटं मोडत होती!”

“कुणी सांगितलं होतं अडवायला? तुमची चारही माणसं आत होती ना?”

“होती. पण मी पाच ओरडले होते. धर ही बादली!”